कीवर्ड मोजत बसायचं की माणसासाठी लिहायचं? मराठीत लिहिणाऱ्यांसाठी जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका कंटेंट एजन्सीसाठी मराठीत लेख लिहिता, शेती, सरकारी योजना, जमिनीचे कागद, मधूनमधून रेसिपी. तिथला नियम असा की दिलेला कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधायला टाकतात तो शब्द, दर शंभर शब्दांत एकदा आलाच पाहिजे, तोही जसाच्या तसा, आणि लेख १५०० शब्दांच्या खाली नको. तुम्ही म्हणता की लेख माझा मलाच वाचवत नाही, आणि एवढं करून आता तो गूगलवर वरही येत नाही. मग एसइओ, म्हणजे लेख गूगलवर वर यावा म्हणून करायचं काम, आणि वाचक यांचा तोल सांभाळायचा कसा, आणि आधी लिहून ठेवलेल्या लेखांचं करायचं काय.

मी चौदा वर्षं हेच काम करतेय, आधी लिहायचे, आता दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासते जास्त. सुरुवातीची तीनचार वर्षं मीही असेच कीवर्ड मोजून लेख लिहिलेत, त्यामुळे तुमची अडचण मला अगदी आतून माहितीये.

मला वाटतं तोल हा शब्दच आपल्याला चुकीच्या रस्त्याला नेतो. तोल म्हटलं की आपण प्रत्येक वाक्यात थोडं गूगलसाठी थोडं वाचकासाठी असं वाटप करायला जातो आणि सगळं वाक्यच बिघडतं. माझ्या अनुभवात एसइओचं काम लिहायला बसायच्या आधी होतं आणि लिहून झाल्यावर अर्धा तास होतं. मधलं जे लिहिणं आहे ते पूर्ण वाचकाचं, तिथे गूगलला आणायचंच नाही. कीवर्ड म्हणजे शेवटी कुणीतरी फोनवर टाइप केलेला किंवा बोललेला प्रश्न आहे, तो प्रश्न नीट ओळखणं हे एसइओ आणि त्याला नीट उत्तर देणं हे लिखाण.

आता तो शंभर शब्दांत एकदा वाला नियम कुठून आला ते बघू, कारण एजन्सीवाले तो मनातून काढत नाहीयेत तो जुन्या सवयीमुळे. नव्वदच्या दशकातली सर्च इंजिनं बरीचशी शब्द मोजूनच चालायची, पानावर शब्द जास्त वेळा तर पान वर, म्हणून लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शेकडो वेळा एकच शब्द टाइप करून ठेवायचे. १९९८ ला गूगल आलं ते कोण कुणाला लिंक देतं हे बघत आलं. २००९ मध्ये गूगलने स्वतः सांगितलं की मेटा कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली कीवर्डची यादी, आम्ही रँकिंगला वापरत नाही, आणि तरी मला आजही क्लायंटकडून मेटा कीवर्डचा रकाना असलेली एक्सेल शीट येते. २०११ च्या फेब्रुवारीत पांडा नावाचं अपडेट, म्हणजे गूगलने निकाल लावायच्या पद्धतीत केलेला बदल, आलं त्यात पातळ, भरतीच्या लेखांच्या साइट खाली गेल्या. कीवर्ड कोंबणं हे तर आज गूगलच्या स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन लिहिलेलं आहे. आणि इतके शब्द असले तरच लेख वर येईल असा शब्दसंख्येचा काही नियम नाही, हेही गूगलच्या लोकांनी अनेकदा सांगून झालंय.

मराठीसाठी याहून महत्त्वाची गोष्ट २०१९ ची. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने बर्ट नावाचं मॉडेल इंग्रजी सर्चसाठी आणलं आणि डिसेंबरमध्ये ते सत्तरपेक्षा जास्त भाषांना लावलं, त्यात मराठी होती. म्हणजे वाक्यातला शब्द आजूबाजूच्या शब्दांवरून समजून घ्यायचा. हे आपल्यासाठी इतकं मोठं का, तर आपली भाषा शब्दाला जसाच्या तसा राहूच देत नाही. सातबाऱ्यावर, सातबाऱ्यातून, सातबाऱ्याची नक्कल. कांदा असतो पण भजी कांद्याची होते. मराठीत नाम वाक्यात शिरलं की त्याचं सामान्यरूप होतं आणि मग प्रत्यय लागतो, हे शाळेत शिकलो आपण. जसाच्या तसा कीवर्ड टाकायचा नियम इंग्रजीवरून उचललाय, तिथे शब्द फारसा बदलत नाही म्हणून तिथे तो निदान वाचता तरी येतो. मराठीत तोच नियम पाळला की काय होतं बघा, हा एका लेखातला परिच्छेद माझ्याकडे तपासायला आला होता:

"सातबारा उतारा ऑनलाईन पाहण्यासाठी सातबारा उतारा ऑनलाईन वेबसाईट वर जावे. सातबारा उतारा ऑनलाईन हा शेतकरी बांधवांसाठी अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज असून सातबारा उतारा ऑनलाईन मुळे शेतकऱ्यांचा वेळ वाचतो."

दोन वाक्यं आहेत आणि कीवर्ड चार वेळा. व्याकरण मोडलंय, माहिती शून्य आहे, आणि ज्या मुलीने लिहिलं ती एरवी इतकं छान लिहिते की मला ते वाचून वाईट वाटलं. तिला मी विचारलं तर म्हणाली "मॅडम, सातबाऱ्याचा असं लिहिलं तर त्यांच्या टूलमध्ये कीवर्ड मोजला जात नाही." तर ताई, ते टूल जे मोजतं आणि गूगल जे वाचतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबारा आणि सातबाऱ्यावर हे एकच प्रकरण आहे हे गूगलला आता बऱ्यापैकी कळतं, त्या टूलला कळत नाही. तुम्ही टूलसाठी लिहिताय. विभक्ती बिनधास्त लावा.

सातबाऱ्याचंच उदाहरण पुढे नेते, कारण मागच्या दिवाळीत हे सगळं मी डोळ्यांसमोर बघितलं. मामांकडे गेले होते, जुन्नर तालुक्यात. त्यांना पीककर्जाच्या कामासाठी उतारा हवा होता. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि बोलले, "जमिनीचा उतारा मोबाईलवर कसा काढायचा." सातबारा हा शब्दसुद्धा वापरला नाही त्यांनी, उतारा म्हणाले. पहिलं पान उघडलं. नमस्कार मित्रांनो, आजच्या डिजिटल युगात वगैरे, मग जाहिरात, मग हेडिंग, सातबारा म्हणजे काय. मामा चाळीस वर्षं सातबारा हाताळतायत. अंगठ्याने सरकवत राहिले, मग सातबाऱ्याचा इतिहास आला, मग सातबाऱ्याचे फायदे, परत जाहिरात, आणि एवढ्यात पान खालीवर झालं आणि बोट जाहिरातीवर पडलं. मागे आले, दुसरं पान उघडलं, तिथेही तेच. तिसऱ्या पानावर एकदाची लिंक सापडली.

लिंकवर विभाग पुणे निवडला, जिल्हा, तालुका, गाव, सगळं झालं आणि मग तिथे गट नंबर विचारला. मामांकडे जुना घडी पडलेला कागद होता त्यावर सर्व्हे नंबर. त्यांच्या गावात पूर्वी जमिनींचं एकत्रीकरण झालंय, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर पडले, त्यामुळे तो जुना नंबर टाकला की भलत्याच माणसाचा उतारा येत होता. आता हे महाराष्ट्रात कितीतरी गावांत असं आहे, आणि आम्ही जेवढी पानं उघडली त्यात एकानेही याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. मी मग नावाने शोधायचा पर्याय घेतला, आडनाव टाकलं, यादी आली, त्यातून सापडला. मग पुढची अडचण, तो फुकटचा उतारा फक्त माहितीसाठी असतो, सरकारी किंवा कायदेशीर कामाला चालत नाही, ते खाली बारीक लिहिलेलं असतं. बँकेला डिजिटल सहीचा लागतो, तो वेगळ्या पोर्टलवर, १५ रुपये भरून. शेवटी तो काढला आणि बँकेत चालला.

त्या तासाभरात मला पूर्ण लेखाचा आराखडा मिळाला. मामांना फक्त तीन गोष्टी हव्या होत्या, कुठे जायचं, नंबर जुळला नाही तर काय करायचं, आणि कुठला उतारा बँकेत चालतो. परत आल्यावर एका क्लायंटसाठी तोच विषय आला तेव्हा मी सुरुवात अशी केली:

"सातबारा मोबाईलवर दोन प्रकारे मिळतो. नुसता बघायचा असेल तर महाभूलेख या सरकारी साइटवर फुकट बघता येतो, पण तो बँकेत किंवा कोर्टात चालत नाही. कामासाठी हवा असेल तर डिजिटल सहीचा उतारा घ्या, त्याला १५ रुपये लागतात. गट नंबर माहीत नसेल किंवा जुना सर्व्हे नंबर जुळत नसेल तरी आडनावावरून शोधता येतो, कसा ते खाली दिलंय."

आता यात शब्द मोजा. सातबारा, उतारा, मोबाईल, महाभूलेख, डिजिटल सही, गट नंबर, सर्व्हे नंबर, आडनाव. लोक जे जे शोधतात ते सगळं चार वाक्यांत आलं आणि एकही शब्द कोंबलेला नाही. विषयाबद्दल खरं काहीतरी सांगायला गेलं की विषयाचे शब्द येतातच, ते न आणता सांगताच येत नाही. जिथे सांगण्यासारखं काही नसतं तिथेच तेच तेच शब्द परत परत टाकावे लागतात. म्हणून मी लेख तपासताना कीवर्ड जास्त झालेले दिसले की ते काढत नाही बसत, आधी विचारते की इथे तुला सांगायचं काय होतं.

लिहिण्याआधीचं काम म्हणजे लोकांचा शब्द शोधणं, आणि याला मी खरंच वेळ देते. मराठीत आपली तीन चार नावं असतात एका गोष्टीला. छापील मराठीत पाककृती, पण शोधताना लोक रेसिपी टाकतात. शासन निर्णय लिहितो आपण, लोक जीआर म्हणतात. मृत्युपत्र, इच्छापत्र, विल, तिन्ही चालतं. हप्ता कुणी हफ्ता लिहितं. सातबारा कुणी अक्षरात टाकतं, कुणी मराठी आकड्यांत ७/१२, कुणी इंग्रजी आकड्यांत, आणि खूप लोक मराठीच पण रोमन लिपीत टाइप करतात. तलाठ्याचं पद आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात. जिल्ह्यांची नावं बदलली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर, शोधणारे दोन्ही नावं टाकतात.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की सरकारी वेबसाईटच्या बटणावर सरकारी शब्द असतो आणि माणसाच्या तोंडात वेगळाच असतो. बाई विचारते "वडील गेले, उताऱ्यावर आमचं नाव कसं लावायचं" आणि तिला करायची असते वारस नोंद, त्यासाठी होतो फेरफार. तिला फेरफार हा शब्द माहीत नाही म्हणून तिला ते बटण दिसूनही कळत नाही. तुम्ही लेखात लिहिलंत की उताऱ्यावर वारसांचं नाव लावायचं असेल तर वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो, आणि ती नोंद होते त्याला फेरफार म्हणतात, तर त्या एका वाक्याने वाचकाला रस्ता मिळाला आणि गूगललाही दोन्ही शब्द मिळाले. वाचकाचं आणि सर्चचं भांडण आहे असं वाटतं ना, ते इथे मिटतं. मात्र शुद्धलेखन मुद्दाम चुकवून लिहू नका, हफ्ता लिहिणाऱ्यालाही गूगल हप्तावाला लेख दाखवतं, आणि चुकीचं लिहिलेलं बघून वाचकाचा विश्वास उडतो.

हे शब्द मिळतात कुठे? महागडी टूल घेऊ नका मराठीसाठी, त्यात मराठी शब्दांपुढे बऱ्याचदा शून्य दिसतं किंवा काहीच नसतं, आणि मग एजन्सी म्हणते याला सर्चच नाही. गूगलच्या चौकटीत दोन शब्द टाका आणि खाली काय सुचवतंय ते बघा, निकालांमध्ये लोक आणखी काय विचारतात तो डबा येतो तो उघडून बघा, गूगल ट्रेंड्समध्ये दोन शब्दांची तुलना करा. आणि सगळ्यात भारी म्हणजे सर्च कन्सोल, साइट चालवणाऱ्यांसाठीचं गूगलचंच टूल, ते फुकट आहे, त्यात तुमच्या साइटचा १६ महिन्यांचा हिशोब असतो, लोकांनी नेमकं काय टाइप केलं आणि तुमचं पान दिसलं ते ओळीने दिसतं. एजन्सी देत नसेल तर निदान महिन्यातून एकदा त्याची शीट मागून घ्या, ती वाचायला मला कादंबरीइतकी आवडते कारण प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस अडलाय कुठेतरी.

एक छोटं उदाहरण. साबुदाणा खिचडीचं पान होतं एक, दिसायचं खूप लोकांना पण क्लिक कमी. कन्सोल उघडलं तर क्वेरी, म्हणजे लोकांनी टाइप केलेले प्रश्न, होत्या, खिचडी चिकट का होते, साबुदाणा किती वेळ भिजवायचा, पाणी किती घालायचं. आणि आमच्या पानावर होतं उपवासाचं महत्त्व, साबुदाण्याचे फायदे, मग साहित्य आणि कृती. भिजवण्याबद्दल एक ओळ होती, साबुदाणा भिजवून घ्यावा. ते सगळं वर आणलं, की साबुदाणा दोनतीनदा धुवा म्हणजे वरची पिठी जाते, मग तो जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवून झाकून ठेवा, चारपाच तास किंवा रात्रभर, दाणा बोटात दाबला की सहज मोडला पाहिजे, शेंगदाण्याचं कूट भिजलेल्या साबुदाण्याला आधीच चोळून घ्या म्हणजे उरलेलं पाणी ते धरतं. टायटलमध्येही टाकलं, साबुदाणा खिचडी मोकळी होण्यासाठी काय करायचं. लेख आधीपेक्षा लहान झाला, आणि तो चालला.

लिहून झाल्यावरचं काम फार नाही. मुख्य शब्द टायटलमध्ये, म्हणजे सर्चच्या यादीत दिसणाऱ्या नावात, शक्यतो सुरुवातीला, कारण मोबाईलवर लांब टायटल कापलं जातं. मग पानावरच्या मोठ्या हेडिंगमध्ये, पहिल्या दोनतीन वाक्यांत, आणि मधल्या एखाद्या हेडिंगमध्ये आला तर बरं. फोटोला जे वर्णन देतो तिथे फोटोत काय आहे ते लिहा, कीवर्डची माळ नको. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे सर्चमध्ये टायटलखाली येणारं वर्णन, दोन वाक्यांचं, वाचून माणसाला कळलं पाहिजे की आत काय मिळेल. आणि तुमच्याच दुसऱ्या लेखांना लिंक द्याल तेव्हा इथे क्लिक करा असं न लिहिता आठ-अ उतारा कसा काढायचा असं लिहून त्यावर लिंक द्या. बस एवढंच, यापलीकडे कीवर्ड कुठे टाकायचा याचा विचार करू नका.

पानाच्या पत्त्याबद्दल, म्हणजे यूआरएलबद्दल, मात्र एक सांगते जे मराठीवाल्यांना फार नडतं. पत्ता देवनागरीत ठेवला तर गूगलला चालतं, पण तो कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की बऱ्याचदा त्याची टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची लांबच लांब रांग होते, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी फसवणुकीची लिंक आहे. आपले बरेच वाचक एकमेकांना व्हॉट्सअॅपवरच पाठवतात. म्हणून पत्ता रोमन अक्षरांत, तीनचार शब्दांचा, आणि त्यात वर्ष टाकू नका, पुढच्या वर्षी तोच पत्ता वापरता आला पाहिजे.

आता खरंच जिथे ओढाताण होते ते. सगळं गोड गोड सांगून उपयोग नाही, काही ठिकाणी खरोखर वाचक एका बाजूला आणि क्लिक दुसऱ्या बाजूला असतात.

पहिलं म्हणजे हप्त्यांच्या बातम्या. पीएम किसानमध्ये वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते, आणि महाराष्ट्रात नमो शेतकरी योजनेतून राज्याचे आणखी ६०००. हप्ता कधी येणार हे लोक रोज शोधतात, आणि बऱ्याचदा तारीख जाहीरच झालेली नसते. मग मोठी बातमी म्हणून मथळा, आत हजार शब्द, आणि शेवटी लवकरच येण्याची शक्यता आहे. ज्याचा खताचा उधारीचा हिशोब त्या २००० वर अडलाय तो माणूस हे सगळं वाचतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही. मला हे बघवत नाही. मी माझ्या लोकांना पहिल्याच ओळीत लिहायला लावते की आज या तारखेपर्यंत हप्त्याची तारीख जाहीर झालेली नाही. मग पुढे तुमचं ई-केवायसी झालंय का, आधार बँकेला जोडलंय का, यादीत नाव आहे का ते कसं बघायचं ते द्या, कारण हप्ता अडतो तो बऱ्याचदा यामुळेच. क्लिक एखादवेळी कमी येतील, पण तो माणूस पुढच्या वेळी तुमच्याच पानावर येतो, हे मी बघितलंय.

दुसरं टायटल. तुम्हाला सुंदर मथळा सुचतो, जसं की काळ्या मातीचा कागद, आणि एजन्सी म्हणते सातबारा कसा काढायचा असं हवं. माहितीच्या लेखाला साधंच टायटल द्या, अडलेल्या माणसाला शोधताना ओळखू आलं पाहिजे. पण ललित लेख असेल, आठवण असेल, तर तिथे सर्चचा विचार सोडूनच द्या, ते कुणी शोधून वाचत नाही, ते एकाने दुसऱ्याला पाठवून वाचलं जातं. सगळं लिखाण गूगलमधूनच आलं पाहिजे असं कुठे आहे? शिवाय सर्चसाठीचं टायटल आणि पानावर दिसणारा मथळा हे दोन वेगळे ठेवता येतात, बहुतेक सिस्टीममध्ये तशी सोय असते, ती वापरा.

तिसरं लांबी. सातबाऱ्याचा लेख ७०० शब्दांत संपत असेल तर तो ७०० चाच ठेवा. वारस नोंदीला २५०० लागतील कारण तिथे मुलींचा हक्क आहे, कुणी हरकत घेतली तर काय आहे, प्रतिज्ञापत्र आहे, तिथे मी हात आखडता घेऊ देत नाही. तुमच्या एजन्सीचा १५०० चा नियम पहिल्याला फुगवतो आणि दुसऱ्याला कापतो.

शेवटी ते प्रश्नोत्तरांचं, प्रत्येक लेखाखाली दहा प्रश्न टाकायचे. २०२३ च्या ऑगस्टपासून गूगल सर्चमध्ये निकालाखाली येणारी प्रश्नोत्तरांची पट्टी जवळपास फक्त नामांकित सरकारी आणि आरोग्याच्या साइटना दाखवायला लागलं, तर त्यासाठी म्हणून आता लिहू नका. वाचकाला खरोखर पडणारा प्रश्न उरला असेल तरच ठेवा.

सध्या वर येत नाही असं तुम्ही म्हणालात त्याचं कारणही मला यातच दिसतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गूगलने वाचकाच्या उपयोगाचा मजकूर ओळखणारं अपडेट आणलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या दर्जाच्या निकषांत अनुभव हा शब्द वाढवला, म्हणजे लिहिणाऱ्याने ते स्वतः केलंय का, आणि मार्च २०२४ मध्ये ते आधीचं अपडेट मुख्य रँकिंगमध्येच मिसळून टाकलं, सोबत मशीनने किंवा माणसाने ढिगाने पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियमही आणला. शिवाय साधी उत्तरं आता गूगल बऱ्याच ठिकाणी वरच लिहून देतं. सातबारा म्हणजे काय हे सांगणारं हजारावं पान कुणाला हवंय? पण जुना सर्व्हे नंबर जुळेना तेव्हा काय केलं, स्क्रीनवर काय आलं, कुठल्या पायरीला ओटीपी अडकला, हे ज्याने केलं तोच सांगू शकतो. म्हणून योजनेवर लिहायच्या आधी तो अर्ज स्वतः शेवटच्या बटणापर्यंत भरून बघा, जवळच्या सेतू केंद्रात अर्धा तास उभ्या राहा आणि लोक खिडकीवर काय विचारतात ते वहीत लिहून घ्या. मला आजपर्यंत याहून चांगलं कीवर्ड टूल मिळालेलं नाही.

पान जड असणं हाही वाचकाचाच प्रश्न आहे. गूगलचा निकष आहे की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये. मामांचं बोट जाहिरातीवर पडलं ते यामुळेच. हे तुमच्या हातात नाही, पण संपादकाला सांगा जरूर.

संपादकाशी भांडू नका. त्यांची भीती खरी आहे, क्लायंट त्यांना आकडे विचारतो. त्यांना म्हणा, पाच जुने लेख द्या, मी माझ्या पद्धतीने परत लिहिते, तीन महिने कन्सोलमध्ये क्लिक बघू. निवडताना असे लेख घ्या की जे दिसतात खूप लोकांना पण पहिल्या पानाच्या तळाशी किंवा दुसऱ्या पानावर अडकलेत, तिथे फरक लवकर कळतो. एखादा लेख नाही चालणार, तेही आधीच सांगून ठेवा.

आणि जुन्या लेखांचं म्हणाल तर नुसती तारीख बदलून ताजे दाखवू नका, आत काही बदललं नसेल तर त्याने काही होत नाही आणि वाचकाची फसवणूक होते ते वेगळंच. तुम्ही पाठवलेल्या यादीत सातबाऱ्यावरच चार लेख आहेत, एक साधा आणि बाकी तिघांच्या नावात वर्ष टाकलेलं, चौघांत मजकूर जवळपास सारखा. ते आपापसातच एकमेकांना मागे ओढतायत. कन्सोलमध्ये बघून ज्याला सगळ्यात जास्त क्लिक येतात त्याचा पत्ता ठेवा, बाकी तिघांचे पत्ते त्याच्याकडे कायमचे वळवून घ्या, तुमच्या टेक्निकल माणसाला ३०१ म्हटलं की कळेल. पण वळवायच्या आधी त्या तिघांखाली लोकांनी विचारलेले प्रश्न कॉपी करून घ्या. मी चाळून बघितले, त्यात दोघांनी सर्व्हे नंबर जुळत नाही हेच विचारलंय आणि त्यांना कुणी उत्तर दिलेलं नाहीये. नवीन लेखातला पहिला भाग त्याचाच करा.